जावा अपग्रेडनंतर सर्व्हर अडखळतो: जीसीचे फ्लॅग नव्याने कसे ठरवायचे

जावा ८ किंवा ११ वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली सेवा १७ किंवा २१ वर नेली की पहिल्या काही दिवसांत चारपैकी एक तक्रार हमखास येते. सेवा सुरूच होत नाही. किंवा सुरू होते, पण प्रतिसाद मधूनच अर्धा-एक सेकंद गोठतो. किंवा कंटेनर १३७ हा कोड देऊन मरतो. किंवा वरवर सगळं ठीक दिसतं, फक्त सीपीयू आधीपेक्षा जास्त खर्च होतो. मग कोणीतरी हीप (जावाच्या वस्तू राहतात ती मेमरी) वाढवतं, कोणी कुठूनतरी एक फ्लॅग (जावा सुरू करताना द्यायचं सेटिंग) आणून चिकटवतं, तक्रार दबते आणि पुढच्या अपग्रेडला पुन्हा उगवते. मूळ बहुतेक वेळा एकच असतं. नको झालेल्या वस्तूंची मेमरी मोकळी करणं म्हणजे जीसी (गार्बेज कलेक्शन), आणि ते करणारा तो कलेक्टर; जुन्या कलेक्टरसाठी लिहिलेले फ्लॅग नव्या कलेक्टरच्या गळ्यात बांधलेले असतात.

फ्लॅगची आणि लॉगमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टाइप करताना ती रोमनमध्ये आणि सलग लिहायची.

मधल्या काळात काय बदललं

जावा ८ मध्ये सर्व्हर दर्जाच्या मशीनवर काही न सांगता पॅरलल कलेक्टर मिळायचा. २०१७ च्या जावा ९ पासून ती जागा जी१ या कलेक्टरने घेतली. ९ मध्येच सीएमएस या जुन्या कलेक्टरला निवृत्तीची नोटीस लागली आणि २०२० च्या जावा १४ मधून तो काढूनच टाकला. झेडजीसी हा नवा कलेक्टर ११ मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि १५ मध्ये प्रत्यक्ष वापरासाठी खुला झाला. शेनान्डोआ १२ मध्ये आला आणि तोही १५ मध्येच पक्का झाला. २१ मध्ये झेडजीसीला तरुण (नव्या वस्तूंची) आणि वृद्ध (टिकून राहिलेल्या वस्तूंची) अशा दोन पिढ्या मिळाल्या. लॉगिंगची यंत्रणाही ९ मध्ये पूर्ण बदलली आणि अपग्रेडच्या पहिल्या रात्री सर्वाधिक सेवा आडव्या पाडते ती हीच.

म्हणजे ८ वरून थेट १७ किंवा २१ वर उडी मारताना कलेक्टर, त्याचे डीफॉल्ट, लॉगची भाषा आणि कंटेनरची मर्यादा वाचण्याची पद्धत, हे चारही एकदम बदलतं. तुम्ही एकही ओळ बदलली नसली तरी.

आधी बघा: जेव्हीएम (जावा चालवणारं आभासी यंत्र) खरंच काय वापरतंय

कॉन्फिग फाइलमध्ये काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका. चालू प्रोसेसला विचारा. जेसीएमडी (जावासोबत येणारी कमांड), मग प्रोसेसचा क्रमांक, मग व्हीएम.फ्लॅग्ज. निवडलेला कलेक्टर, हीपची कमाल मर्यादा, जीसी थ्रेडची संख्या तिथे दिसते. त्याच प्रोसेसला व्हीएम.कमांड_लाइन विचारलं की फ्लॅग कुठल्या रूपात पोचले ते कळतं. प्रोसेस नसेल, तर त्याच कंटेनरमध्ये त्याच मर्यादांसह जावा -एक्सएक्स:+प्रिंटफ्लॅग्जफायनल -व्हर्जन चालवा. लॅपटॉपवर चालवून काही उपयोग नाही. उत्तर मशीनप्रमाणे बदलतं.

फ्लॅग तीन-चार वाटांनी आत येतात हे विसरलं जातं. जावा_टूल_ऑप्शन्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कमांड लाइनच्या आधी वाचला जातो, म्हणजे कमांड लाइन त्याच्यावर मात करते. मात्र अंडरस्कोअरने सुरू होणारा _जावा_ऑप्शन्स सगळ्यांत शेवटी वाचला जातो आणि सगळ्यांवर मात करतो. बेस इमेज बनवणाऱ्याने त्यात हीपची मर्यादा टाकून ठेवली असेल तर तुम्ही कमांड लाइनवर कितीही डोकं आपटा, फरक पडणार नाही. जावा ९ पासून जेडीके_जावा_ऑप्शन्स हा आणखी एक व्हेरिएबल आला, तो फक्त जावा लाँचर वाचतो. हे व्हेरिएबल सापडले की सुरुवातीलाच ‘पिक्ड अप’ अशी एक ओळ छापली जाते. ती ओळ वाचा.

आता हमखास फसवणारी गोष्ट. जेव्हीएमला दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली तर ते मशीन सर्व्हर दर्जाचं नाही असं धरून सीरियल कलेक्टर निवडतं. जी१ नाही, पॅरललही नाही. कंटेनरला १ सीपीयू दिला असेल, किंवा ४ सीपीयू देऊन मेमरी १.५ जीबी ठेवली असेल, तर निमूटपणे सीरियल. सुरुवातीचं जावा ८ कंटेनरच्या मर्यादा बघतच नसे. ते अख्ख्या होस्टचे प्रोसेसर मोजून पॅरलल घ्यायचं. त्यामुळे अपग्रेडनंतर ‘जी१ मुळे पॉज (सेवा थांबून राहण्याचे क्षण) वाढले’ असं म्हणत लोक जी१ चे फ्लॅग लावत बसतात आणि तिथे जी१ नसतोच. कुठला कलेक्टर हवा ते नेहमी स्पष्ट लिहा. डीफॉल्टवर सोडू नका.

सेवा सुरूच होत नाही

‘अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन’ अशी ओळ आणि पाठोपाठ जेव्हीएम तयार करता आलं नाही, हा संदेश. त्यात ज्या फ्लॅगचं नाव असेल तो काढायचा. पण एक काढला की पुढचा अडतो, कारण जेव्हीएम एका वेळी एकावरच थांबतं. म्हणून सगळे एकदम पाहून घ्या:

- प्रिंटजीसीडेटस्टॅम्प्स, प्रिंटजीसीटाइमस्टॅम्प्स, यूजजीसीलॉगफाइलरोटेशन, नंबरऑफजीसीलॉगफाइल्स, जीसीलॉगफाइलसाइज: ९ पासून नाहीत.
- यूजपारन्यूजीसी: १० पासून नाही.
- यूजकॉन्कमार्कस्वीपजीसी आणि सीएमएसने सुरू होणारं त्याचं सगळं गोत: १४ मध्ये मुख्य फ्लॅगवर इशारा देऊन दुर्लक्ष केलं जायचं, १७ वर थेट नकार.
- मॅक्सपर्मसाइज: ८ मध्ये नुसता इशारा यायचा, १७ वर नकार. ती जागाच आता नाही. क्लासची माहिती ठेवणारा मेटास्पेस हीपच्या बाहेर असतो.

प्रिंटजीसीडिटेल्स मात्र अजून चालतो, इशारा देऊन, आणि आतून नव्या लॉगिंगकडे वळवला जातो. त्यामुळे ‘लॉगचे फ्लॅग चालतात की’ असा गैरसमज होतो.

इथे एक पळवाट दिसते: इग्नोरअनरेकग्नाइज्डव्हीएमऑप्शन्स. लावली की सेवा सुरू होते. ती लावू नका. उद्या कोणी मॅक्सजीसीपॉजमिलिसमध्ये एक अक्षर चुकवलं तर तेही निमूटपणे गिळलं जाईल आणि सेटिंग लागू झालंय या भ्रमात सगळे राहतील.

एकाहून जास्त कलेक्टर निवडल्याची तक्रार आली, तर दोन ठिकाणांहून दोन फ्लॅग येत आहेत. बेस इमेजमधला यूजपॅरललजीसी आणि तुमचा यूजजी१जीसी, असं काहीतरी. नवा जोडण्याआधी जुना शोधा.

पाटी कोरी करा

सेवा सुरू झाली की थांबू नका. सुरू होण्यात अडथळा न आणणारे जुने फ्लॅग जास्त घातक असतात. सगळे बाजूला काढा आणि एवढ्यावर चालवून बघा: एक्सएमएस, एक्सएमएक्स (हीपचा सुरुवातीचा आणि कमाल आकार), कलेक्टरचं नाव आणि लॉग. बस.

जी१ वर आल्यावर आधी एक्सएमएन, न्यूसाइज आणि न्यूरेशिओ काढायचे. सीएमएस किंवा पॅरललच्या दिवसांत तरुण पिढीचा आकार हाताने ठरवणं शहाणपणाचं होतं. जी१ चं सगळं गणितच तरुण पिढी लहान-मोठी करून पॉजचं लक्ष्य गाठण्यावर उभं आहे. आकार बांधून टाकला की त्याचा हा हात बांधला जातो, आणि मॅक्सजीसीपॉजमिलिसमध्ये लिहिलेला आकडा शोभेचा उरतो. सर्व्हायव्हररेशिओ आणि मॅक्सटेन्युरिंगथ्रेशोल्ड हेही त्याच पोतडीत.

सीएमएसइनिशिएटिंगऑक्युपन्सीफ्रॅक्शन ७० होतं म्हणून इनिशिएटिंगहीपऑक्युपन्सीपर्सेंट ७० करणं ही भाषांतरातली चूक आहे. जी१ मध्ये तो आकडा डीफॉल्टने ४५ असतो, आणि ९ पासून ती फक्त पहिली अटकळ असते. पुढे कलेक्टर स्वतः शिकून उंबरठा हलवतो. ७० केल्याने सुरुवातीला मार्किंग (जिवंत वस्तू शोधून खूण करणं) उशिरा सुरू होतं आणि पहिल्याच मोठ्या लाटेत दमछाक होते.

लॉगसाठी एक्सलॉगला द्यायचं ते असं: निवड ‘जीसी*,सेफपॉइंट’, फाइलच्या नावात %टी किंवा %पी म्हणजे वेळ किंवा प्रोसेस क्रमांक, सजावटीत टाइम, अपटाइम, लेव्हल, टॅग्ज, आणि शेवटी फाइलकाउंट १०, फाइलसाइज ५०एम. काही न सांगितल्यास २० एमबीच्या ५ फाइल फिरत राहतात आणि गजबजलेल्या सेवेत रात्री दोनची घटना सकाळपर्यंत पुसली जाते. लॉग संथ किंवा नेटवर्क डिस्कवर जात असेल तर १७ पासून एक्सलॉग:एसिंक उपलब्ध आहे. नाहीतर लॉग लिहिण्यासाठीच थ्रेड खोळंबतात आणि दोष जीसीवर येतो.

पॉज मोठे येतात: लॉग काय सांगतो

आधी ठरवा की पॉज जीसीचाच आहे का. सेफपॉइंटच्या (सगळे थ्रेड एकदम थांबण्याच्या क्षणाच्या) ओळीत तीन वेळा दिसतात: रीचिंग, ॲट आणि टोटल. रीचिंगच मोठा असेल तर सगळे थ्रेड थांबायलाच वेळ लागतोय. कोणीतरी लांबलचक लूपमध्ये आहे किंवा मेमरीला जोडलेली फाइल वाचताना डिस्कवर अडकलंय. अशा वेळी कलेक्टर बदलून काहीही होणार नाही. झेडजीसीलाही त्याच सेफपॉइंटची वाट बघावी लागते.

मग जीसीच्या ओळीखालची यूजर, सिस आणि रिअल ही त्रयी बघा. समजा असं दिसलं:

यूजर=०.३१एस सिस=०.०२एस रिअल=१.८४एस

काम झालं एक तृतीयांश सेकंदाचं, पण घड्याळात पावणेदोन सेकंदांहून जास्त गेले. बाकी वेळ जीसीच्या थ्रेडना सीपीयूच मिळाला नाही. एकतर मशीन स्वॅप करतंय किंवा कंटेनर थ्रॉटल होतोय, म्हणजे वाट्याचा सीपीयू संपल्याने रोखला जातोय. उलट सिस फुगलेला असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम पानं शोधण्यात, शून्य करण्यात गुंतलीय. अशा वेळी एक्सएमएस आणि एक्सएमएक्स सारखे ठेवून ऑलवेजप्रीटच लावला की ते काम सुरुवातीलाच उरकतं. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढीच किंमत.

थ्रॉटलिंगचं गणित एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. जुन्या १६ कोअरच्या मशीनसाठी कोणीतरी पॅरललजीसीथ्रेड्स १६ लिहिलं होतं. सेवा आता २ सीपीयूच्या कंटेनरमध्ये आहे. कर्नल दर १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत या कंटेनरला २०० मिलिसेकंद सीपीयू-वेळ देतो. जीसी सुरू झाला, १६ थ्रेड १६ कोअरवर एकदम धावले आणि साडेबारा मिलिसेकंदांत वाटा संपवून बसले. उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड गोठलेले, तेही पॉजच्या मधोमध. २० मिलिसेकंदांत व्हायचं काम दोन-तीन खिडक्यांवर पसरतं. तपासायला सीग्रुपमधली (कंटेनरना मर्यादा लावणारी कर्नलची यंत्रणा) सीपीयू.स्टॅट ही फाइल उघडा. एनआर_थ्रॉटल्ड हा आकडा पॉजबरोबर वाढत असेल तर गुन्हेगार सापडला. उपाय: तो फ्लॅग काढणं. कंटेनरची मर्यादा दिसली की जेव्हीएम थ्रेड बरोबर मोजतं.

पण मर्यादाच दिलेली नसेल तर? कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी व्यवस्था) बरेच जण सीपीयूची रिक्वेस्ट देतात आणि लिमिट देत नाहीत. जुनी जेव्हीएम रिक्वेस्टमधून आलेल्या शेअरवरून प्रोसेसरची संख्या काढत. जावा १९ ने हे बंद केलं, आणि तो बदल १७ व ११ च्या नंतरच्या दुरुस्ती आवृत्त्यांतही गेला. त्यामुळे १७ वरून १७ वर, नुसत्या शेवटच्या आकड्याच्या अपग्रेडनंतरही जेव्हीएमला अचानक अख्खा नोड दिसू लागतो. ६४ कोअरच्या नोडवर जीसीचे थ्रेड किती? पहिल्या ८ कोअरसाठी ८, उरलेल्या ५६ साठी आठातले पाच म्हणजे ३५, एकूण ४३. अशा डझनभर सेवा एका नोडवर असल्या तर काय होईल ते सांगायला नको. ॲक्टिव्हप्रोसेसरकाउंट हा फ्लॅग अशा ठिकाणी हाताने द्यायचा. हाताने दिलेल्या मोजक्या चांगल्या फ्लॅगांपैकी हा एक.

आता जीसीचीच चूक असेल ते प्रसंग. ओळीतलं कारण बघा, मिलिसेकंद नंतर.

‘पॉज फुल’ आणि कारण सिस्टिम.जीसी: कोड किंवा एखादी लायब्ररी मुद्दाम बोलावतेय. बरोबर तासाभराच्या अंतराने येत असेल तर आरएमआयचं (जावाच्या दूरस्थ कॉलच्या यंत्रणेचं) दूरस्थ कचरासंकलन, त्याचं डीफॉल्ट अंतर ३६ लाख मिलिसेकंद. डिसेबलएक्सप्लिसिटजीसी लावण्याचा मोह टाळा. डायरेक्ट बफरची (हीपबाहेर घेतलेल्या बफरची) मर्यादा भरली की जावा स्वतः सिस्टिम.जीसी बोलावूनच ती जागा मोकळी करतं. तो दरवाजा बंद केला तर हीप रिकामा असूनही मेमरी संपल्याची चूक येते. त्याऐवजी एक्सप्लिसिटजीसीइन्व्होक्सकन्करंट लावा. बोलावणं ऐकलं जातं, पण काम पार्श्वभूमीत होतं.

‘मेटाडेटा जीसी थ्रेशोल्ड’ सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत: घाबरण्याचं कारण नाही. मेटास्पेसचा पहिला उंबरठा २१ एमबीच्या आसपास असतो आणि कुठलीही मोठी चौकट (फ्रेमवर्क) क्लास लोड करताना तो ओलांडते. मेटास्पेससाइज १२८ किंवा २५६ एमबी केलं की हे गायब. दिवसभर येत राहिलं तर मात्र क्लासलोडरची गळती शोधा.

‘टू-स्पेस एक्झॉस्टेड’ किंवा नव्या आवृत्त्यांत ‘इव्हॅक्युएशन फेल्युअर’: जिवंत वस्तू हलवायला रिकामी जागा उरली नव्हती. पाठोपाठ फुल जीसी येण्याची शक्यता मोठी. ९ पर्यंत जी१ चा फुल जीसी एकाच थ्रेडवर चालायचा, १० पासून समांतर आहे, तरीही तो टाळायचाच. आधी हीप वाढवता येतो का बघा. नाही तर जी१रिझर्व्हपर्सेंट १० वरून १५ किंवा २० करा, आणि मार्किंग मागे पडत असेल तर कॉन्कजीसीथ्रेड्स वाढवा.

मोठ्या वस्तूंचा घोळ

पॅरललवरून जी१ वर आलेल्या सेवांना नडणारी ही खास गोष्ट, आणि ‘हीप अर्धा रिकामा असून फुल जीसी का?’ या प्रश्नाचं बहुतेक वेळा उत्तर हेच.

जी१ हीपचे साधारण २०४८ तुकडे पाडतो. या रीजनचा आकार स्वतः ठरवला तर १ ते ३२ एमबी, नेहमी दोनाच्या घातात. हीप ४ जीबी म्हणजे रीजन २ एमबी. रीजनच्या निम्म्याहून मोठी वस्तू ‘ह्युमंगस’ ठरते आणि तिला तरुण पिढीत जागा न देता थेट सलग रीजन दिली जातात. तिच्या शेवटच्या रीजनमध्ये उरलेली जागा इतर कोणाला मिळत नाही.

आता एक बाइटांचं ॲरे घ्या, बरोबर २ एमबीचं. फाइल किंवा नेटवर्कचं बफर म्हणून असा गोल आकडा सगळेच लिहितात. ॲरेला १६ बाइटचं शीर्ष लागतं. म्हणजे वस्तू झाली २ एमबी आणि १६ बाइट. एका रीजनमध्ये मावत नाही. दोन रीजन जातात. ४ एमबीतला जवळपास अर्धा भाग वाया, १६ बाइटांसाठी. अशी शंभर बफरं जिवंत असली की २०० एमबी माल ठेवायला ४०० एमबी गेले. शिवाय सलग रीजन हवी असल्यामुळे हीप विखुरला की जागा असूनही मिळत नाही, आणि मग फुल जीसी.

लॉगमध्ये याची खूण अशी दिसते:

जीसी(४१२) पॉज यंग (कन्करंट स्टार्ट) (जी१ ह्युमंगस अ‍ॅलोकेशन) २३१०एम->१८७५एम(४०९६एम) १८.४०२एमएस

पॉज छोटाच आहे, पण अशा ओळी मिनिटाला कित्येक येत असतील तर मार्किंग थांबतच नाही आणि सीपीयू तिथे जातो. रीजनचा आकार लॉगच्या सुरुवातीला ‘हीप रीजन साइज’ म्हणून छापलेला असतो. जी१हीपरीजनसाइज ८एम केला की ४ एमबीपर्यंतच्या वस्तू साध्या होतात. रीजन मोठं केल्यावर त्यांची संख्या घटते आणि कलेक्टरची निवड करण्याची मोकळीक कमी होते, म्हणून ४ जीबीच्या हीपवर ३२ एमबीची रीजन करणं हा अतिरेक. तिथे जेमतेम १२८ रीजन उरतात. कोड हातात असेल तर बफरच लहान करा. २ एमबीऐवजी ५१२ केबीचे तुकडे वाचले तर बहुतेक ठिकाणी वेगात काहीच फरक जाणवत नाही.

सीपीयू वाढला

वर थ्रॉटलिंग आणि ह्युमंगस दोन्ही तपासून झालं असेल तर मॅक्सजीसीपॉजमिलिस बघा. डीफॉल्ट २०० आहे. तो ‘कमी म्हणजे चांगला’ असा आकडा नव्हे. २० लिहिलंत तर जी१ पॉज लहान ठेवण्यासाठी तरुण पिढी आकसत नेतो, हीपच्या ५ टक्क्यांपर्यंत. ८ जीबीच्या हीपवर ते सुमारे ४१० एमबी. सेवा सेकंदाला ८०० एमबी निर्माण करत असेल तर सेकंदाला दोनदा झाडू फिरणार. शिवाय अल्पायुषी वस्तूंना मरायला वेळच मिळत नाही. त्या वृद्ध पिढीत ढकलल्या जातात आणि तिथलं काम वाढतं. लक्ष्य १०० च्या खाली नेण्याआधी खरंच गरज आहे का ते विचारा. असेल, तर जी१ ला पिळण्यापेक्षा झेडजीसी वापरणं सरळ.

रात्रीची बॅच कामं, अहवाल, आयात-निर्यात यांसाठी मात्र पॅरलल अजून उत्तम आहे. तिथे एखादा दोन सेकंदांचा पॉज कोणी बघत नाही, एकूण वेळ बघतात. जी१ प्रत्येक संदर्भ (एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारा दुवा) लिहिताना जास्त हिशेब ठेवतो, त्याची किंमत थ्रूपुटमध्ये, म्हणजे एकूण कामाच्या वेगात दिसते. ‘नवं डीफॉल्ट म्हणजे सगळ्यांसाठी चांगलं’ हे खरं नाही. यूजपॅरललजीसी लिहायला लाजू नका.

कंटेनर १३७ ने मरतो

१३७ म्हणजे १२८ अधिक ९: कर्नलने सिगकिल (प्रोसेस तत्काळ मारण्याचा सिग्नल) दिला. जावाची चूक नोंदवली जात नाही, हीप डंप मिळत नाही. हीपच्या बाहेरची मेमरी वाढली आहे असं समजूनच सुरुवात करा.

हिशेब मांडा. कंटेनर ४ जीबी, मॅक्सरॅमपर्सेंटेज ७५.० म्हणजे हीप ३ जीबी. (दशांशासह लिहा, जुन्या आवृत्त्या नुसत्या ७५ ला अडायच्या. आणि एक्सएमएक्स दिला असेल तर हा फ्लॅग बघितलाच जात नाही.) उरलेल्या १ जीबीत मेटास्पेस, कमाल २४० एमबीपर्यंत जाणारा कोड कॅश, दर थ्रेडमागे १ एमबीपर्यंतचा स्टॅक, जीसीचा स्वतःचा हिशेब म्हणजे मार्किंगचे नकाशे आणि रीजनांमधल्या संदर्भांच्या नोंदी, आणि डायरेक्ट बफर. यातला शेवटचा सगळ्यांत फसवा. मॅक्सडायरेक्टमेमरीसाइज दिला नसेल तर त्याची मर्यादा हीपच्या कमाल आकाराएवढी असते. म्हणजे ३ जीबी हीप, आणि कागदोपत्री आणखी ३ जीबी डायरेक्ट, ४ जीबीच्या डब्यात. तो आकडा स्पष्ट लिहा. नेटवर्कवर चालणाऱ्या बऱ्याच सेवांना २५६ एमबी सुरुवातीला पुरतात.

नेमकं कोण खातंय ते बघायला नेटिव्हमेमरीट्रॅकिंग=समरी लावून सेवा चालवा, स्थिरावल्यावर जेसीएमडीने व्हीएम.नेटिव्ह_मेमरी बेसलाइन घ्या आणि काही तासांनी समरी.डिफ. याने ५ ते १० टक्के वेग कमी होतो, म्हणून सगळ्या प्रतींवर नाही, एकाच प्रतीवर लावा. लायब्ररीने स्वतःच्या नेटिव्ह कोडमधून घेतलेली मेमरी यात दिसत नाही. या अहवालाची बेरीज आणि कर्नलने सांगितलेला आकडा यांत मोठी तफावत असेल तर तिकडे बघा.

जावा तेच आणि फक्त होस्ट बदलल्यावर हे सुरू झालं असेल तर सीग्रुपची आवृत्ती तपासा. सीग्रुप व्ही२ समजणारी आवृत्ती म्हणजे १५ पासून पुढे, ११ मध्ये ११.०.१६ पासून आणि ८ मध्ये ८यू३७२ पासून. त्याआधीच्या जेव्हीएमला नव्या होस्टवर कंटेनरची मर्यादा दिसत नाही. ते होस्टच्या मेमरीचा पाव भाग हीप धरतं. ६४ जीबीचा होस्ट, १६ जीबीचा हीप, २ जीबीचा कंटेनर.

झेडजीसीवर जाताना

पॉज एका मिलिसेकंदाच्या आत हवे असतील, हीप मोठा असेल आणि सीपीयू शिल्लक असेल तर झेडजीसी घ्या. या तीनपैकी तिसरी अट लोक विसरतात. काम थांबून होत नाही, म्हणजे शेजारी चालू राहून होतं, आणि त्या शेजाऱ्याला कोअर लागतात. २ सीपीयूच्या कंटेनरमध्ये मी तरी झेडजीसी सुचवणार नाही.

जी१ चा हीप आकार तसाच नेऊ नका. ३२ जीबीच्या आतल्या हीपवर जी१ आणि पॅरलल संदर्भ आक्रसून ४ बाइटांत ठेवतात. झेडजीसीला ही सोय नाही, प्रत्येक संदर्भ ८ बाइटांचा. संदर्भांनी गच्च भरलेल्या कॅशमध्ये फरक चांगलाच जाणवतो. शिवाय संकलन चालू असताना येणाऱ्या नव्या वस्तूंसाठी मोकळी जागा हवी. ती कमी पडली की लॉगमध्ये ‘अ‍ॅलोकेशन स्टॉल’ दिसतो: पॉज नाही, पण मागणारा थ्रेड मात्र थांबलाय. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. यावर औषध म्हणजे हीप वाढवणं, ते शक्य नसेल तर कॉन्कजीसीथ्रेड्स.

२१ वर असाल तर नुसता यूजझेडजीसी पुरत नाही. सोबत झेडजनरेशनल लावा, नाहीतर पिढ्या नसलेला जुना प्रकार मिळतो आणि तो भरपूर अल्पायुषी वस्तू बनवणाऱ्या सेवेत लवकर दमतो. त्या जुन्या प्रकारात एकच हीप तीन पत्त्यांवर मांडलेला असतो, त्यामुळे काही साधनं प्रोसेसची मेमरी तिप्पट दाखवतात. मॉनिटरिंगवर तसा आकडा दिसला तर गळती समजून धावाधाव करू नका, आधी कुठला प्रकार चालू आहे ते बघा. २३ मध्ये पिढ्यांचा प्रकार डीफॉल्ट झाला, २४ मध्ये जुना काढून टाकला. त्यामुळे झेडजनरेशनल आज २१ वर आवश्यक आहे, २३ पासून पुढे इशारा छापणारं ओझं आहे, आणि कधीतरी सेवा सुरू होऊ न देणारी चूक ठरेल. कॉन्फिगमध्ये त्या ओळीच्या वर ‘फक्त २१ आणि २२ साठी’ एवढी टिप्पणी आजच लिहून ठेवा.